डोळा असलेली कोठी

पैनगंगेच्या काठी वसलेले मेहकर हे गाव, अकबराच्या अमदानीत वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे ठाणे म्हणून ज्याची नोंद ‘आइन-इ-अकबरी’त सापडते, आणि ज्याच्या भूमीतून १८८८ साली निघालेली शार्ङ्गधर बालाजीची सुमारे अकरा फुटी कृष्णपाषाणमूर्ती पाहण्यास आजही दूरदूरचे भाविक येतात, ते पाळीव प्राण्यांच्या लाडाकोडासाठी कधी प्रसिद्ध नव्हते. येथे कुत्रा असे तो ओसरीवर, खळ्यावर किंवा मेंढरांच्या मागे. मांजर असे ती धान्याच्या कोठीपाशी. आणि दोघांच्याही उदरनिर्वाहाची तजवीज शिळ्या चतकोर भाकरीने, वाटीभर ताकाने व त्यांच्या स्वतःच्या पराक्रमाने होत असे. त्यांच्या जेवणाच्या वेळेसाठी घरात कोणी घड्याळ पाहिल्याचे जुन्या माणसांच्या स्मरणात नाही.

अशा गावात अलीकडे कुरियरच्या खोक्यांतून एक पांढरी, गुळगुळीत, वीतभर रुंद आणि जेमतेम हातभर उंच अशी वस्तू उतरू लागली आहे. तिला फीडर म्हणतात. वर दोन-तीन लिटर कोरडे दाणे मावतील एवढी झाकणाची कोठी, कोठीच्या तळाशी मऊ रबरी पात्यांचे चक्र, ते फिरवणारी लहानशी मोटर, चक्राखाली घसरण, घसरणीच्या टोकाला वाटी, आणि या सर्वांच्या मध्यभागी काळ्या काचेमागे बसवलेला कॅमेरा, असा तिचा सरंजाम असतो. मालकाने मोबाईलवर वेळा आणि माप ठरवून द्यायचे, यंत्राने त्याबरहुकूम दाणे वाटीत सोडायचे, आणि मालकाने, मग तो पुण्यात असो वा समुद्रापार, आपले जनावर ते खात असलेले डोळ्यांनी पाहायचे, एवढाच हा करार. किंमत साधारणतः चार-पाच हजारांपासून दहा-बारा हजारांपर्यंत. ती मोजून पदरात नेमके काय पडते, आणि जे पडते ते मेहकरसारख्या तालुक्याच्या गावी कितपत टिकते, याचा शोध घ्यावा असे वाटले, कारण या यंत्रांची जी प्रशंसा वाचावयास मिळते ती बहुतेक महानगरांतील वातानुकूलित सदनिकांत बसून केलेली असते.

आपल्याकडे जनावराला घास देणे हा गृहस्थधर्माचाच एक भाग मानला गेला. श्राद्धाच्या पंचबलीत गाय, कावळा, देव आणि मुंग्या यांच्याबरोबर श्वानाचाही वाटा काढलेला असतो. भाकरी तोंडात धरून पळणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव महाराष्ट्रातील मुलांना आजीच्या मांडीवरच भेटतात. आणि वाघापासून आपला जीव वाचवणाऱ्या खंड्या नावाच्या कुत्र्याला साताऱ्याच्या शाहू छत्रपतींनी पालखीचा मान दिल्याची हकीकत संगम माहुलीला त्याच्या समाधीपाशी अजून सांगितली जाते. हिशेबाची कडक शिस्त होती ती दरबारी पागेत. घोड्याची चंदी किती शेर, वैरण किती, ती कोणी मोजून दिली आणि कोणत्या मोतद्दाराने ताब्यात घेतली, याची रोजची नोंद दप्तरात पडे. तरीही कोठावळा, कारकून आणि मोतद्दार या तिघांनी संगनमत केले तर कागद बिनचूक राहून दाणे मात्र बाजारात जात, आणि मग ती अफरातफर उघडकीस आणण्याचे काम घोड्याच्या बरगड्यांना करावे लागे. जनावराच्या शिध्याचा अखेरचा ताळेबंद त्याच्या अंगावर लिहिलेला असतो, ही गोष्ट आपले हे नवे यंत्र पारखतानाही दृष्टीआड होऊ देऊ नये.

मेहकरात ही वस्तू विकत घेणारा गृहस्थ बहुधा मेहकरात राहत नाही. तो पुण्यात, नागपुरात किंवा छत्रपती संभाजीनगरात नोकरीस असतो, घरी आई-वडील असतात, आणि त्यांच्यापाशी त्याने कॉलेजच्या दिवसांत हट्टाने आणलेले कुत्रे किंवा मांजर असते. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला आणि मेहकरजवळच चढण्या-उतरण्याची सोय झाली, तेव्हापासून नागपूर-संभाजीनगरची जा-ये सोपी झाली हे खरे. पण रस्ता जितका सुलभ, तितके घराला कुलूप लागण्याचे प्रसंगही अधिक. नातवाचे बारसे, डोळ्यांचे ऑपरेशन, लग्नसराई, अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यातली तपासणी, अशा एका-दोन रात्रींच्या गैरहजेरीत जनावराचे काय करावे हा प्रश्न पूर्वी पडत नसे, कारण घर कधी पूर्ण रिकामे होतच नसे. एकत्र कुटुंब मोडल्याचा पुरावा समाजशास्त्राचे लोक जनगणनेत शोधतात. तो या पांढऱ्या पेटीतही सापडेल.

मी हे यंत्र जवळून पाहिले ते अशाच एका घरी. गृहस्थ निवृत्त शिक्षक, विषय गणित, गावात सर्वजण त्यांना गुरुजी म्हणतात, त्यांच्या पत्नीला काकू. घरात दहा-एक किलो वजनाचा गावठी कुत्रा आणि चार किलोंची एक मांजर. मुलाने पुण्याहून यंत्र पाठवले, एका सुटीत येऊन ते बैठकीच्या कोपऱ्यात मांडले, वायफायला जोडले, आणि तो परत गेला. त्यानंतर त्या यंत्राची जी खरी परीक्षा झाली ती गुरुजींनी केली. तिला मी साक्षीदार होतो, आणि पुढील बरेचसे निष्कर्ष त्यांच्या वहीतून घेतलेले आहेत.

गुरुजींची पहिली शंका मापाबद्दल होती. यंत्र मोबाईलवर ‘एक भाग’, ‘दोन भाग’ असे विचारते. परंतु एक भाग म्हणजे किती? अशा बहुतेक यंत्रांत तो पाच ते दहा ग्रॅमच्या दरम्यान असतो, आणि नेमका आकडा दाण्यांवर अवलंबून राहतो, कारण चक्र वजन करीत नाही, ते आकारमान मोजते. चक्राच्या दोन पात्यांमधील पोकळीत जेवढे दाणे मावतील तेवढे खाली पडतात. दाणे बारीक व जड असले तर अधिक वजन पडते, मोठे व फुगीर असले तर कमी. गुरुजींनी ओळखीच्या सराफाकडून लहान काटा आणला आणि वाटीत पडलेला प्रत्येक भाग ते जोखू लागले. कोठी भरलेली असता पडणारा भाग आणि ती तळाला जात असता पडणारा भाग यांत फरक येतो, आणि तळाशी साठलेला चुरा एकदम आला की माप वर सरकते, हे त्यांच्या ध्यानी आले. यंत्राची अप्रामाणिकता म्हणावी असा हा दोष नव्हे. शेर-पायलीने धान्य मोजणाऱ्या आपल्या आजोबांनाही तो ठाऊक होता, म्हणून तर ते माप भरल्यावर वरून हात फिरवीत. एवढेच की विकत घेणाऱ्याने आपले दाणे आपल्या यंत्रातून एकदा काढून, जोखून, मगच भाग ठरवावेत.

पण किती ग्रॅम द्यायचे हे तरी कोण सांगणार? पशुवैद्यकशास्त्रात यासाठी एक सर्वमान्य हिशेब आहे, आणि तो गणिताच्या शिक्षकाला आवडावा असाच आहे. प्राण्याचे किलोग्रॅममधील वजन घ्यायचे, त्याचा पाऊण घात काढायचा आणि त्यास ७० ने गुणायचे. येते ती विश्रांतीच्या स्थितीत लागणारी दिवसाची ऊर्जा, किलोकॅलरींत. नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्यासाठी तिला साधारण १.६ ने आणि तशाच मांजरीसाठी १.२ ने गुणतात. दहा किलोच्या कुत्र्याला यानुसार सुमारे ६३० किलोकॅलरी लागतात, आणि कोरड्या दाण्यांत शंभर ग्रॅमला साधारण ३५० किलोकॅलरी धरल्यास हा शिधा १८० ग्रॅम होतो. चार किलोच्या मांजरीला सुमारे २४० किलोकॅलरी. मांजरांचे दाणे थोडे अधिक सकस असल्याने ते ६० ग्रॅमच भरतात. आता तीन लिटरच्या कोठीत असे दाणे किलो-सव्वा किलो मावतात. म्हणजे मांजरीला ही कोठी अठरा-वीस दिवस पुरेल, गुरुजींच्या कुत्र्याला आठवडाभरही जेमतेम, आणि वीस किलोंच्या लॅब्रेडॉरच्या पिल्लासाठी, ज्याला रोजचे तीनशे ग्रॅम तर सहज लागतात, ती चार दिवसांत रिती होईल. ‘आटोपशीर’ म्हणून विकले जाणारे यंत्र वस्तुतः मांजरीचे यंत्र आहे. कुत्रा त्यात दाटीवाटीने बसवलेला आहे. खोक्यावर मात्र दोघांचीही चित्रे असतात.

येथे एका अलिखित अटीचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. या यंत्रात भाकरी जात नाही. दूध-भात जात नाही, उकडलेली कोंबडी जात नाही, ताक तर नाहीच. बारा मिलिमीटरच्या आतले, कोरडे, गोल दाणेच त्याला चालतात. मोठ्या जातींच्या कुत्र्यांसाठी केलेले जाड दाणे चक्रात अडकून मोटर कण्हू लागते. म्हणजे यंत्र घेताना आपण आपल्या जनावराचा आहारही बदलत असतो, आणि तो बदल किलोला तीन-चारशे रुपयांच्या भावाने कायमचा पदरात घेत असतो. कुत्र्याच्या बाबतीत हा बदल टाळता आला तर टाळावा असे माझे मत आहे, कारण भाकरीवर, अंड्यावर आणि थोड्या मांसावर वाढलेला गावठी कुत्रा मुळात काटक असतो. मांजरीचे प्रकरण वेगळे. ती पूर्ण मांसाहारी. टॉरीन नावाचे द्रव्य तिला आहारातूनच पुरेसे मिळावे लागते, ते न मिळाल्यास तिची दृष्टी जाते. हृदयही विस्फारून दुबळे होते, हे अमेरिकन संशोधकांनी १९८७ साली सिद्ध केल्यावर दाण्यांच्या उत्पादकांनी त्या द्रव्याचे प्रमाण वाढवले. मेहकरच्या जुन्या मांजरी दूध-भाकरीवर आंधळ्या झाल्या नाहीत याचे श्रेय दुधाला नाही, कोठीतल्या उंदरांना आहे. जी मांजर आता पक्क्या स्लॅबच्या घरात कोंडून असते, तिच्यासाठी चांगले दाणे ही चैन मानता येणार नाही.

दुसरी परीक्षा विजेची. यंत्र मांडल्यावर शेजारचे वायरमन सहज डोकावले, आणि त्यांनी जो प्रश्न विचारला तो मला सर्व जाहिरातींहून मोलाचा वाटला. “लाईन गेल्यावर हे काय करते, थे सांगा पहिले.” मेहकरला वीज असते, पूर्वीपेक्षा पुष्कळ अधिक असते, पण वळवाच्या पावसात, वादळात, किंवा दुरुस्तीच्या दिवशी ती जाते, आणि गेली म्हणजे कधी येईल याची ग्वाही कोणी देत नाही. चांगल्या यंत्रांच्या बुडाशी टॉर्चचे मोठे सेल घालण्याची जागा असते. वीज गेली तरी सेलवर चक्र फिरत राहते आणि वेळापत्रक पाळले जाते. परंतु सेल वाचवण्यासाठी बहुतेक यंत्रे अशा वेळी कॅमेरा आणि वायफाय बंद ठेवतात, आणि ती चालू ठेवली तरी उपयोग नसतो, कारण त्याच विजेवर चालणारा घरचा राउटरही मुका झालेला असतो. म्हणजे ज्या रात्री मुलाला पुण्यात खरी चिंता वाटावी, नेमक्या त्याच रात्री डोळा मिटलेला असतो. गुरुजींनी मुद्दाम मेन स्विच पाडून पाहिले. ठरल्या वेळी दाणे पडले. त्यांच्या चेहऱ्यावर, वर्गातल्या मागल्या बाकावरच्या मुलाने अचानक बरोबर उत्तर दिल्यावर दिसावा तसा, थोडा अविश्वासाचा आनंद होता.

प्रत्येक यंत्र या परीक्षेत उत्तीर्ण होईलच असे नाही. वेळापत्रक यंत्राच्या पोटात साठवलेले आहे की कंपनीच्या दूरदेशीच्या संगणकावर, या एका बाबीवर सर्व अवलंबून असते. जुलै २०१६ मध्ये पेटनेट या अमेरिकन कंपनीच्या फीडरांचा सर्व्हर दहा-एक तास बंद पडला आणि अनेक घरांतील जनावरे ताटकळली. फेब्रुवारी २०२० मध्ये तोच प्रकार आठवडाभर चालला, आणि त्याच वर्षी कंपनीनेच गाशा गुंडाळला. विकत घेतलेली वस्तू घरात शाबूत, मोटर शाबूत, दाणे शाबूत, आणि तरी वाटी रिकामी, अशी ही अपूर्व अवस्था. मालक आपण असलो तरी हुकूम दुसऱ्याचा चालतो, ही गोष्ट वऱ्हाडाला, ज्याने नागपूरकर भोसले आणि निजाम यांच्या दुहेरी अमलाचा काळ पाहिला आहे, समजावून सांगण्याची आवश्यकता नसावी. म्हणून यंत्र घरी आणल्यावर प्रथम सेल घालावेत, मग वीज आणि राउटर दोन्ही बंद करून एका जेवणाची वेळ जाऊ द्यावी. दाणे पडले तर यंत्र ठेवावे. न पडले तर मुदतीच्या आत परत करावे. बाकीचे सर्व गुण या एका गुणाच्या मागून येतात.

आता कॅमेरा, ज्यासाठी दोन-चार हजार अधिक मोजावे लागतात. त्याच्या बाजूने एक गोष्ट निर्विवाद सांगता येते. कॅमेरा नसलेले यंत्र मोबाईलवर ‘दाणे दिले’ असा निरोप धाडते, आणि भोळा मालक त्याचा अर्थ ‘जनावर जेवले’ असा घेतो. कचेरीत काम केलेल्या माणसाला यातील फरक चटकन कळेल. यंत्र फक्त जावक नोंदवते. पोच त्याच्याजवळ नसते. मांजर रुसून कपाटावर बसली असेल, कुत्र्याने तिच्या वाट्यावर हात मारला असेल, किंवा घसरणीत दाणे अडकून वाटीत काहीच आले नसेल, तरी जावक रजिस्टर बिनचूकच राहते. पागेतल्या त्या जुन्या कारकुनासारखेच हे दप्तर. कॅमेऱ्याने ती पोच मिळते. मांजरीच्या बाबतीत तिला विशेष किंमत आहे, कारण काही दिवस उपाशी राहिलेल्या, विशेषतः लठ्ठ मांजरीच्या यकृतात चरबी साठून ती दगावू शकते, आणि तिने अन्नावरची वासना सोडली हे जितक्या लवकर कळेल तितके बरे. गुरुजींच्या घरीही पहिला गौप्यस्फोट कॅमेऱ्यानेच केला. मांजरीचा शिधा बव्हंशी कुत्रा खात होता, आणि मांजर ते सर्व खिडकीत बसून मोठ्या तटस्थतेने पाहत होती. त्यावर उपाय यंत्रात नव्हता. ते उचलून फडताळाच्या वरच्या खणात ठेवले, जेथे कुत्र्याची उडी पोहोचत नाही.

याहून अधिक अपेक्षा त्या डोळ्याकडून करू नये. तो वाटीच्या उंचीवर बसलेला असल्याने त्याला दिसते ते एक प्रचंड नाक, हनुवटी आणि मागे वाकडीतिकडी झालेली बैठक. विस्तृत कोनाच्या भिंगामुळे दोन हातांवरचा दरवाजा फर्लांगभर दूर वाटतो. रात्री तो अवरक्त प्रकाशात पाहतो, तेव्हा जनावराचे डोळे दोन दिव्यांसारखे चमकतात आणि बाकी सर्व करडे होते. चित्र सतत पाहत बसल्यास सेकंदाला एक मेगाबिट या माफक हिशेबानेही तासाला साडेचारशे मेगाबाइट खर्ची पडतात; ज्या घरी वायफाय म्हणजे मोबाईलचाच हॉटस्पॉट, तेथे दिवसाच्या डेट्याचा मोठा वाटा त्यातच जाईल. शिवाय बहुसंख्य यंत्रे केवळ २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर चालतात, ही अट खोक्याच्या मागे बारीक अक्षरांत असते. मागची चित्रे पाहावयाची तर मेमरी कार्ड घाला नाहीतर दरमहा वर्गणी भरा. यंत्राच्या किमतीत ही वर्गणी धरूनच सौदा ठरवावा.

आवाजाची सोय ही खास गंमत. मालकाने दहा सेकंदांचा निरोप ध्वनिमुद्रित करून ठेवायचा, तो प्रत्येक जेवणाआधी वाजतो. मुलाने ‘मोत्या, ये रे’ असे मुद्रित करून ठेवले होते. कुत्रा पहिल्या दिवशी यंत्राच्या मागे जाऊन त्याला शोधून आला, पुढे त्याने त्या हाकेकडे दुर्लक्ष केले, आणि मोटरची घरघर ऐकू आली की मात्र तो धावू लागला. रशियन शास्त्रज्ञ इवान पावलॉव्ह यांना १९०४ साली पचनक्रियेच्या अभ्यासाबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले, त्यांच्या कुत्र्यांनी जो धडा दिला तोच हा. मांजरीने त्यापुढचा धडा दिला. घसरणीत पंजा घालून उचकटले तर कधीकधी एखादा दाणा सुटतो, हे तिच्या लक्षात आले, आणि मग ती रात्री-बेरात्री यंत्राशी झोंबू लागली. १९३०च्या दशकात बी. एफ. स्किनर यांनी कळ दाबली की दाणा देणारी पेटी करून उंदरांवर प्रयोग केले. दाणा प्रत्येक वेळी न मिळता अधूनमधून मिळाला तर प्राणी कळ दाबायचे सोडता सोडत नाही, हे त्यांतून पुढे दिसून आले. मांजर असणाऱ्याने म्हणून घसरण वळणाची आणि झाकण कुलुपाचे असलेले यंत्र पाहावे, आणि ते भिंतीला टेकवून ठेवावे.

कॅमेऱ्याचा एक वेगळाच परिणाम मात्र मला तेथे दिसला, आणि त्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. दुपारी काकू बैठकीतच आडव्या होतात. यंत्र आल्यावर काही दिवसांनी त्या झोपण्यापूर्वी त्याच्यावर पंचा टाकू लागल्या. लगेच पुण्याहून फोन. “आई, कॅमेरा का झाकलास?” काकूंचे उत्तर सरळ होते: “कुत्र्याले पाहाचं त त्याच्या जेवाच्या टायमाले पाह्य. मी काय दिवसभर पदर सावरून बसू?” मुलगा ओशाळला, आणि मग प्रांजळपणे म्हणाला की कुत्र्यापेक्षा तुम्ही दोघे उठला-बसलात हे पाहण्यासाठीच मी तो उघडतो. त्याची काळजी खोटी नव्हती. परंतु आई-वडिलांवर नजर ठेवण्यास त्यांची अनुमती लागते, आणि ती कुत्र्याच्या नावाने मागून घेता येत नाही. शिवाय ही नजर केवळ मुलाचीच राहील याची हमी कोणाची? ऑक्टोबर २०१९ मध्ये एका रशियन संशोधक महिलेला शाओमीच्या फर्रीटेल फीडरांच्या व्यवस्थेत अशी त्रुटी आढळली की तिला जगभरातील जवळपास अकरा हजार यंत्रे घरबसल्या दिसू लागली आणि त्यांची वेळापत्रके बदलणेही शक्य झाले. तिने ते केले नाही, कंपनीला कळवले. सर्वच शोधकर्ते इतके सज्जन नसतात. यंत्र घेतल्यावर त्याचा मूळ पासवर्ड त्वरित बदलावा, ते शयनगृहात कधीही ठेवू नये, आणि कॅमेऱ्यावर सरकते झाकण असेल तर ते यंत्र चार पैसे जास्त देऊनही घ्यावे.

मुंग्या, दमट हवा आणि ऊन या तीन शत्रूंबद्दल थोडक्यात. पावसाळ्यात दाणे ओलावा शोषून चक्राला चिकटतात, त्यांवर बुरशी धरू शकते. झाकणातील ओल शोषणारी पुडी बदलत राहावी, आणि कोठीत चार-पाच दिवसांपुरतेच दाणे घालून उरलेले मूळ पिशवीत बंद ठेवावेत. एप्रिल-मे महिन्यांत दाण्यांतील चरबी खवट होते, तेव्हाही हाच नियम. मुंग्यांसाठी खडूची रेघ ओढण्याची आपल्याकडे सवय आहे, ती येथे सर्वस्वी वर्ज्य समजावी. अशा खडूंत असणाऱ्या वर्गातील काही कीटकनाशके मांजरींना विषासमान आहेत.

पाण्याचे मात्र असे थोडक्यात सांगून भागणार नाही. हे यंत्र पाणी देत नाही. कोरड्या दाण्यांत दहा टक्क्यांच्या आसपासच पाणी असते, उंदराच्या अंगात सत्तरच्या घरात. म्हणजे उंदीर सोडून दाण्यांवर आलेल्या मांजरीला पाण्याची गरज कितीतरी वाढते, आणि वैदर्भीय उन्हाळ्यात, पारा चव्वेचाळीसच्या वर असताना बंद घरात, अन्नावाचून एक दिवस काढणारे जनावर पाण्यावाचून तो काढू शकेल असे समजणे ही क्रूरता ठरेल. कायद्याचेही येथे म्हणणे आहे. १९६०च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम ११ अन्वये आपल्या जनावरास पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणारा मालक गुन्हेगार ठरतो. पहिल्या अपराधाला दंड दहा ते पन्नास रुपये, जो १९६० साली कदाचित जाचक असेल. या कलमात यंत्राला मुखत्यारपत्र दिल्याची सबब मान्य केलेली नाही.

आणि दर महिन्याला जनावराच्या बरगड्यांवरून हात फिरवावा. पशुवैद्य शरीरस्थिती मोजण्यासाठी नऊ अंकांची मापपट्टी वापरतात. तिचे सार असे की बरगड्या दिसू नयेत, पण तळव्याला सहज लागाव्यात. लागत नसतील तर एक भाग कमी करावा, दिसत असतील तर वाढवावा. त्याने समाधान न झाल्यास तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे. तेथे गाई-म्हशींचीच गर्दी असते म्हणून संकोच करू नये.

मग घ्यावे की न घ्यावे? जनावर प्रौढ व निरोगी असेल, आधीपासून कोरड्या दाण्यांवर असेल, एकटे असेल, आणि गैरहजेरी एका-दोन रात्रींची असेल, तर हे यंत्र आपले काम चोख करते. लहान पिल्ले, औषधोपचार चालू असलेली जनावरे, आणि इन्सुलिनच्या वेळा सांभाळाव्या लागणारे मधुमेही मांजर यांना त्याच्या हवाली करू नये. पुण्या-मुंबईच्या सदनिकेत, जेथे शेजाऱ्याचे आडनावही दारावरच्या पाटीवरूनच कळते, तेथे कॅमेऱ्याला पैसे मोजणे योग्य ठरेल, कारण पोच देणारा दुसरा कोणी नाही. मेहकरात मी बिनकॅमेऱ्याचे, सेलवर चालणारे, वेळापत्रक पोटात ठेवणारे स्वस्त यंत्र घ्यावे असे सुचवीन, आणि वाचलेल्या पैशांत मांजरीसाठी दुसरी वाटी व दोन रुंद तोंडांची पाण्याची भांडी घ्यावीत. गावाला निघताना घराची किल्ली शेजारी द्यावी, आणि सकाळ-संध्याकाळ ती भांडी भरण्यास व वाटी रिकामी झाली की नाही ते पाहण्यास त्यांना सांगून जावे.